घंटा उलटी करून बघा : नागपूरच्या आसपास घंटाफुलं ओळखायची कशी

नागपुरात राहून रानातली घंटाफुलं ओळखायला शिकायचं असेल, तर पहिला धडा परसातल्या कोहळ्याच्या वेलावर घ्या. रानात नंतर जाऊ. सकाळी लवकर वेलाशी बसा आणि उमललेलं मादी फूल हलकेच उलटं करा. पिवळ्या घंटेच्या खाली, देठाच्या टोकाला, बोराएवढं हिरवं कोहळं आधीच तयार असतं. आता शेजारच्या वांग्याचं फूल बघा. तिथे पाकळ्यांच्या खाली काहीच फुगीर दिसत नाही, कारण होऊ घातलेलं वांगं फुलाच्या आत, पाकळ्यांच्या वेढ्यात बसलेलं असतं. कोहळ्याचं बीजकोश म्हणजे अंडाशय पाकळ्यांच्या खाली, वांग्याचं पाकळ्यांच्या वर. एवढा फरक डोळ्यांत बसला की निम्मं काम झालं. मी नवीन माणसाला रानात नेण्याआधी हा धडा घ्यायला लावतेच, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

घंटाफूल म्हणजे नेमकं काय

वनस्पतिशास्त्रात घंटाफुलांच्या प्रजातीला कॅम्पॅन्युला म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी घंटा. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव पक्कं केलं. या एका प्रजातीत ४००हून अधिक जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक युरोप, भूमध्य सागराचा परिसर आणि आशियातल्या थंड डोंगराळ भागातल्या. आपल्याकडे त्यांचं मोठं घर हिमालय. दक्षिणेत निलगिरीच्या उंच कड्यांवरही एक जात मिळते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर उंचीवरच्या नागपुरात ती टपोरी निळी-जांभळी घंटा रानात डोलताना दिसेल, अशी आशा धरू नका. नर्सरीत हिवाळ्यात कुंडीत मिळते ती लावलेली, परदेशी.

मग नागपूरकराने शोधायचं काय? दोन गोष्टी. एक, कॅम्पॅन्युलाच्याच कुळातली बारकी भावंडं, जी भारतात मैदानी मुलखातही वाढतात. या कुळात जगभरात दोन हजारांहून जास्त जाती आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे घंटेच्या आकाराची, पण भलत्याच कुळांतली फुलं. ती नागपूर परिसरात भरपूर आहेत आणि नव्या माणसाची फसगत तीच करतात. दोन्ही एकत्रच शिकावी लागतात. एकाला वगळून दुसरं नीट कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिली पायरी : कधी जायचं

पोळा ते दसरा. हा काळ धरून ठेवा. मृगाचा पाऊस पडला की जमीन हिरवी होते, पण बारीक रोपांना फुलावर यायला दीड-दोन महिने लागतात. मारबतीची मिरवणूक निघते त्या सुमाराला माळ खऱ्या अर्थाने फुलतो. दसऱ्यानंतर ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की मुरमाड जागेवरची रोपं आठ-दहा दिवसांत वाळतात. धानाच्या बांध्यांत ओल टिकते, तिथे आणखी काही आठवडे मिळतात.

वेळ सकाळची. साडेसहा ते दहा. यातली बरीच फुलं दुपारी मिटतात, आणि मिटलेलं फूल ओळखणं नव्या माणसाला जमत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर थोडं उशिरा निघा. ओल्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि आकार चुकीचा दिसतो.

दुसरी पायरी : पायाखालची जमीन वाचायची

फुलाआधी जमीन बघायची सवय लावा. नागपूर शहर दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर वसलेलं आहे. पश्चिमेला, म्हणजे सेमिनरी हिल्स, अंबाझरी, पुढे वाडी आणि काटोलकडे, काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. पूर्वेला जुना नीस खडक, आणि उत्तरेला कामठीच्या बाजूला वाळूखडक. त्या वाळूखडकाला भूगर्भशास्त्रात कामठीचंच नाव आहे. खडक बदलला की माती बदलते, माती बदलली की पाणी किती दिवस टिकतं ते बदलतं, आणि बारीक रोपं त्या पाण्याच्या हिशेबानेच जागा निवडतात.

चार प्रकारच्या जागा वेगळ्या करायला शिका.

बरड, म्हणजे मुरमाड उघडी जागा. सेमिनरी हिल्सचा उतार, गोरेवाड्याकडचे माळ, रामटेकच्या वाटेवरच्या टेकड्यांच्या कडा. इथे माती बोटभर, गवत आखूड. बारक्या निळ्या फुलांसाठी ही सगळ्यात चांगली जागा आहे, कारण उंच गवत त्यांना झाकत नाही. उभं राहून काही दिसणार नाही. गुडघ्यावर बसा.

धानाच्या बांध्या आणि तलावांच्या कडा. मौदा, रामटेक, कुही या पट्ट्यात धान होतो. मालगुजारीच्या काळातले जुने तलावही या पूर्वेकडच्या बाजूला आहेत. बांधीचा ओला धुरा, तलावाचं पाणी मागे हटल्यावर उघडी पडलेली चिखलट पट्टी, इथे वेगळीच रोपं येतात. धुऱ्यावर चालताना शेतकऱ्याला विचारूनच पाय ठेवा. धुरा फुटला तर बांधीचं पाणी जातं.

काळी कापसाची जमीन. कळमेश्वर, सावनेर, काटोल. पावसाळ्यात इथे चालणं कठीण, पायाला चिखलाचे गोळे चिकटतात. घंटेच्या आकाराच्या फुलांसाठी इथे हिवाळ्यात या. हरभरा आणि गहू उभा असताना जमिनीलगत हरणखुरीचा वेल पसरलेला असतो.

शेवटची जागा म्हणजे उकिरडे, पांदणी, नाल्यांचे काठ आणि पडीक प्लॉट. रानफुलं बघायला निघालेली मंडळी या जागांकडे तुच्छतेने बघतात. मला ते पटत नाही. आकाराने सगळ्यात मोठ्या घंटा इथेच सापडतात, आणि घराजवळ असल्यामुळे एकच झाड कळीपासून फळापर्यंत रोज बघता येतं. शिकायला याहून चांगली सोय नाही.

तिसरी पायरी : फुलाला पाच प्रश्न विचारायचे

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान पट्टी, वही आणि फोन असू द्या. फूल शक्यतो तोडू नका. बसून, झाडावरच, या क्रमाने बघा.

अंडाशय कुठे आहे? कोहळ्याचा धडा आठवा. घंटाफुलांच्या कुळात अंडाशय जवळजवळ नेहमी पाकळ्यांच्या खाली असतो. फूल बाजूने पाहिलं की घंटेखाली हिरवी, उभ्या रेषांची, भोवऱ्यासारखी छोटी गाठ दिसते, आणि निदलांची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या आवरणाची, पाच टोकं त्या गाठीच्या वरच्या काठावरून निघतात. पुढून काढलेल्या फोटोत हे कधीच दिसत नाही.

कळीला पीळ आहे का? घंटाफुलाच्या कळीत पाकळ्यांच्या कडा एकमेकींना फक्त टेकलेल्या असतात, पीळ नसतो. बेशरम, हरणखुरी, गणेशवेल या मंडळींची कळी मिटलेल्या छत्रीसारखी घडी घालून पिळलेली असते. फूल उमललं नसलं तरी निव्वळ कळीवरून कूळ वेगळं करता येतं, इतकी ही खूण भरवशाची आहे.

पाकळ्या किती आणि जोडलेल्या कशा? पाच, तळाशी एकत्र जोडलेल्या, वर पाच टोकं. चार टोकं दिसली तर बहुतेक वेळा तुम्ही भलत्या कुळात आहात.

पानं समोरासमोर की आळीपाळीने? आपल्याला शोधायच्या भावंडांत ती एकाआड एक असतात.

पान किंवा देठ किंचित दुखावलं तर चीक येतो का? या कुळात पांढरा चीक येतो. पण बेशरमाच्या कुळातही येतो आणि पिवळ्या कण्हेरीतही येतो, म्हणून एकट्या चिकावर निकाल देऊ नका. चिकाचा हात डोळ्याला लावू नका, आणि कुठलंही रानफूल जिभेवर ठेवून बघू नका.

पाचही उत्तरं वहीत लिहा, नाव नंतर. नाव आधी ठरवलं की डोळे त्या नावाला जुळेल तेवढंच बघतात. माझं पहिल्या वर्षी हेच झालं. एका टेकडीवरची निळी फुलं मी घंटाफुलांचं भावंड म्हणून वहीत लिहिली. पुढच्या वर्षी त्याच जागी भिंग घेऊन बसले, तेव्हा ती सगळी विष्णुक्रांता निघाली. वहीतली ती पानं मी फाडली नाहीत, वर लाल पेनाने दुरुस्ती केली. चूक कुठून झाली ते अजून तिथे वाचता येतं.

चौथी पायरी : खरी भावंडं

वाहलेनबर्जिया. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ वाहलेनबर्ग यांच्यावरून हे नाव आलं. आखूड गवतात उभी राहणारी, वीतभर उंचीची, काडीसारखी रोपं. पानं अरुंद, बहुतेक खालच्या भागात, एका जातीत कडा लाटेसारख्या. लांब दोऱ्यासारख्या देठाच्या टोकाला एकटं फिकं निळं फूल, नखाएवढं किंवा त्याहून लहान. भिंगातून पाहिलं तर पाच टोकांची अगदी रेखीव घंटा, आणि मधोमध जायांगाचं, म्हणजे फुलाच्या मादी भागाचं, तीन फाकांचं टोक. घंटेखाली ती भोवऱ्यासारखी गाठ. ही गाठ एकदा भिंगातून पाहिली की पुन्हा विसरत नाही. वाऱ्यात देठ सतत हलतो, त्यामुळे फोटो काढताना मागे हाताचा तळवा किंवा वहीचं पान धरा.

लोबेलिया. हीसुद्धा याच कुळातली, पण हिचं फूल घंटेसारखं अजिबात दिसत नाही. बारक्या जाती ओल्या गवतात, भातखाचरांच्या कडेला येतात. खोड बारीक, कोन असलेलं. फूल निळं, दोन ओठांचं, वर दोन अरुंद टोकं आणि खाली तीन रुंद. पाकळ्यांची नळी पाठीकडून उभी चिरलेली असते, आणि पुंकेसरांची टोकं एकत्र जुळून छोटी नळी होते. घंटेचा आकार नाही म्हणून तिला सोडून देऊ नका. उलटं करून बघा, अंडाशय खालीच आहे. सह्याद्रीत याच प्रजातीतली रानतंबाखू माणसाच्या उंचीहून वर जाते आणि हिवाळ्यात पांढऱ्या फुलांचा तुरा काढते. ती विषारी आहे, नावावर जाऊन पान चघळण्याचा प्रयोग करू नका.

पाचवी पायरी : फसवणाऱ्या घंटा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पहिल्या वर्षी तुम्हाला दिसणाऱ्या दहा घंटांपैकी नऊ यातल्या असतील.

विष्णुक्रांता सगळ्यात आधी, कारण ती वाहलेनबर्जियाच्याच जागेत, त्याच मोसमात, जवळपास त्याच आकाराची निळी फुलं काढते. ती जमिनीवर पसरते, पानांवर रेशमी लव असते, फूल चपटं, चाकासारखं. बाजूने बघा : फुलाखाली गाठ नाही, नुसती पाच सुटी हिरवी निदलं. वाहलेनबर्जिया उभी, ही आडवी. वाहलेनबर्जियाचा देठ लांब, पानं जवळजवळ गुळगुळीत. दोन्ही एकाच टेकडीवर मिळाल्या तर शेजारी शेजारी बसून तासभर द्या.

तोंडली. कुंपणावरच्या रानतोंडलीचं पांढरं फूल पाच टोकांची सुरेख घंटा आहे, आणि मादी फुलात अंडाशयही खालीच आहे. म्हणजे आपला मुख्य प्रश्न इथे चकवतो. पण हा ताणे असलेला वेल आहे, आणि नर फूल वेगळं, मादी वेगळं. घंटाफुलात दोन्ही अवयव एकाच फुलात असतात आणि ताणे नसतात. कोहळ्याचंही हेच. एका खुणेवर कधी थांबायचं नाही, ते तोंडली शिकवते.

रानपोपटी, जिला कुणी चिरबोटी म्हणतं. पडीक शेतात, घराच्या मागे, कुठेही. फिकट पिवळी, खाली मान घातलेली घंटा, कित्येकदा आत गडद ठिपके. आकार इतका घंटेचा की नवखा हमखास अडकतो. थोडे दिवस थांबा. पाकळ्या गळाल्यावर निदलांचा कागदी कंदील फुगतो आणि फळ त्याच्या आत बसतं. वांग्याचं कूळ.

रानतीळ. पोळ्यानंतर रस्त्याच्या कडेला, पांदणीला, गुलाबी-जांभळ्या लोंबत्या घंटा दिसल्या की ते बहुधा रानतीळ. शेतातल्या तिळाचं फूल पांढुरकं, रानतिळाच्या खालच्या ओठावर गडद जांभळा रंग. घंटेचं तोंड समान नसतं, खालचा ओठ पुढे आलेला. आत चार पुंकेसर. खालची पानं फाटलेली, वरची अरुंद. फळ उभं, चार धारांचं, अगदी तिळाच्या बोंडासारखं. मला वैयक्तिक आवडीत हे फूल सगळ्यांत वर वाटतं. सकाळच्या उन्हात त्या घंटेच्या आतले ठिपके बघायला वाकलात की एखादी मधमाशी पाठीला परागांची पूड लावून बाहेर पडताना दिसते.

वाघनखी. उकिरड्यावरची राणीच म्हणा. हृदयाच्या आकाराची मोठी चिकट पानं, समोरासमोर. फूल दोन इंचांपर्यंत, फिकं गुलाबी, आत पिवळे-जांभळे डाग. मूळची अमेरिकेची, आता पार रुळलेली. फळ वाळून फुटलं की दोन आकडे बाहेर येतात, मुलं त्याला विंचू म्हणतात. पान समोरासमोर आणि घंटा दोन ओठांची, एवढ्यावर ती बाजूला पडते.

बेशरम नाल्याकाठी, बारमाही, गुलाबी भोंगा. तीही अमेरिकेतून आलेली आणि जनावरांना विषारी. कळीचा पीळ बघा आणि पुढे चला. हरणखुरी हिवाळ्यात, पांढरी-गुलाबी, पान बाणाच्या टोकासारखं, कळीला तोच पीळ. धोतरा लांब भोंग्याचा, फळ काटेरी, सगळं झाड विषारी. बागांतून आणि रस्त्याच्या कडेला दिसणारी पिवळ्या घंटांची झुडपं लावलेली असतात, त्यांचं पान कडुनिंबासारखं अनेक पर्णिकांचं.

एक बारीक सापळा उरला. पित्तपापडा म्हणून ओळखली जाणारी जमिनीलगतची बारकी वनस्पती. पांढरी किंवा फिकी जांभळी फुलं, आणि अंडाशय खाली. पण पाकळ्यांची टोकं चार, पानं समोरासमोर. पाच प्रश्नांतले दोन तिथेच नापास.

सहावी पायरी : फोटो आणि नोंद

प्रत्येक रोपाचे निदान पाच फोटो काढा : संपूर्ण रोप आणि आजूबाजूची जमीन, पानांची मांडणी, फूल पुढून, फूल अगदी बाजूने, आणि कळी. एका फोटोत पट्टी ठेवा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकलं तर जाणकार मदत करतात, पण बाजूचा फोटो नसेल तर तेही अडतात. फोनने आपोआप सुचवलेलं नाव हा अंदाज समजा. बारक्या निळ्या फुलांच्या बाबतीत तो मला वारंवार चुकलेला दिसला आहे.

नोंदीत तारीख, गाव, जमिनीचा प्रकार, ऊन की सावली, ओल किती, हे लिहा. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात रोप उपटायचं नाही, फूल तोडायचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा तो भंग आहे. बाहेरही मुळासकट उपटण्याची गरज मला कधी पडली नाही.

पायात बंद बूट, हातात काठी. माळावरच्या गवतात घोणस असते. बसण्याआधी काठीने गवत हलवा, आणि दगडाखाली हात घालू नका.

हिमालयात जाणार असाल तर

नागपुरातून दर वर्षी बरेच जण उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जातात. २००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे रुंद पानांचा कॅम्पॅन्युला मिळतो, कमरेएवढा उंच, जांभळ्या मोठ्या घंटांचा. माळावर वाहलेनबर्जियाची गाठ पाहिली असेल तर तो तुम्ही कुणी सांगण्याआधी ओळखाल. त्यात एक विलक्षण गोष्ट बघा. कळी उमलण्याआधीच पुंकेसर आपले पराग मधल्या दांड्यावरच्या केसांवर ठेवून देतात आणि स्वतः सुकतात. फूल उघडतं तेव्हा परागांची पूड त्या दांड्यावर मांडलेली असते. ती कीटकांनी नेली की मगच टोकाच्या फाका उघडून दुसऱ्या फुलाचे पराग घ्यायला तयार होतात. एकाच रोपावर ताजं आणि जुनं फूल शोधून दोन्ही अवस्था पाहता येतात. बारकी भिंगातली वाहलेनबर्जियाही हेच करते, म्हणून नागपूरच्या टेकडीवरही हा प्रयोग होतो, फक्त धीर जास्त लागतो.

त्याच उंचीवर सायनँथस नावाची निळी फुलं मिळतात, निदलांवर गडद केसांची. ती घंटाफुलांच्याच कुळातली, पण अंडाशय पाकळ्यांच्या वर. कुळातला हा ठळक अपवाद आहे. आपला पहिलाच नियम तिथे मोडतो, ते आधी माहीत असलेलं बरं.

सातवी पायरी : फुलं संपल्यावर परत जा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पक्की ओळख तर इथेच होते. दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आत, त्याच जागी परत जा. म्हणून पहिल्या फेरीत जागेची खूण करून ठेवा : एखादा दगड, पळसाचं झाड, विजेचा खांब. फुलं गेलेली असतील, वाळलेल्या काड्यांवर बोंडं उरली असतील. भिंग काढा आणि बोंडाला भोक कुठे पडलंय ते बघा. खऱ्या कॅम्पॅन्युलाचं बोंड बाजूने, भिंतीत छिद्रं पडून उघडतं. वाहलेनबर्जियाचं बोंड वरून, निदलांच्या टोकांच्या आत, झडपा उघडून फुटतं. वाऱ्याने काडी हलली की मिठाच्या कणांहून बारीक बिया त्या वरच्या तोंडातून सांडतात. एक बोंड वहीच्या पांढऱ्या पानावर झटका, बिया बघा, आणि पान तिथेच माळावर झाडून या.